लिग्नम व्हायटी : एका लाकडाची कीर्ती आणि करणी

माणसाची कीर्ती एका गोष्टीसाठी होते आणि त्याची खरी करणी दुसऱ्याच गोष्टीत असते, हे आपण नेहमी पाहतो. एका लाकडाच्या बाबतीतही तसेच घडले. वेस्ट इंडीज बेटे आणि मध्य अमेरिका येथे वाढणाऱ्या या लाकडाचे नाव लिग्नम व्हायटी. या लॅटिन शब्दांचा अर्थ जीवनकाष्ठ.

सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले, ते औषध म्हणून. आपल्या वैद्यकात ज्याला पुढे फिरंगरोग हे नाव पडले, त्या रोगाने तेव्हा तेथे कहर केला होता. लाकडाचा कीस उकळून काढा घ्यावा, बंद खोलीत अर्धपोटी राहून घाम काढावा, असा हा उपचार. उलरिख फोन हुटेन या जर्मन पंडिताने आपण बरे झालो असे सांगून १५१९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. १५२३ साली तो त्याच रोगाने वारला!

खरा गुण कारागिरांनी ओळखला. हे लाकूड पाण्यात बुडते. त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते सहसा चिरफळत नाही. म्हणून त्याच्या मोगऱ्या आणि जहाजांच्या कप्प्या झाल्या. पण सारी मौज आहे ती त्यातील राळेत. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की चाक कुरकुरते. हे लाकूड आपले वंगण आपल्याच अंगात बाळगते.

जॉन हॅरिसन हा इंग्लंडमधील सुतार. त्या काळी तेल घट्ट होऊन घड्याळे अडत. १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्क येथील घड्याळात त्याने फिरत्या भागांना हे लाकूड वापरले आणि तेलाची गरजच उरली नाही. पुढे आगबोटींना मळसूत्री पंखे आले. पंख्याचा दांडा पाण्याखाली जेथून बाहेर पडतो, तेथील धातूची बेअरिंगे झपाट्याने झिजत. जॉन पेन या यंत्रकाराने तेथे या लाकडाच्या पट्ट्या बसविल्या व १८५४ साली त्याचे पेटंट घेतले. पट्ट्यांमधून खेळणारे समुद्राचे पाणीच वंगणाचे काम करी. पुढे शंभर वर्षे मोठमोठी जहाजे या आधारावर चालली.

ग्रंथाने दिलेली कीर्ती ग्रंथकाराच्या मरणानेच खोटी ठरली. कामाने दिलेली टिकली. इतिहासात आम्हांस हाच भेद मोलाचा वाटतो. मात्र त्याची किंमत झाडाने मोजली. ते अतिशय सावकाश वाढते आणि तोड बेसुमार झाली. २००३ सालापासून या साऱ्या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधाखाली आहे. जीवनकाष्ठाचा जीव राखण्याची पाळी आता माणसावर आली आहे.