पिसू, मांजर आणि रिकामे घर

मांजर पाळणाऱ्या घरात पिसवा झाल्या की पहिला आरोप मांजरावर येतो आणि पहिली शिक्षाही त्यालाच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुक्याला वेढले, तेव्हा आम्हीही घराला कुलूप लावून नातेवाइकांकडे गेलो. घर चढावर असल्याने पाणी उंबऱ्याच्या आत आले नाही; मात्र रस्ते बंद झाले होते आणि वीज गेली होती. मांजरीला टोपलीत घालून बरोबर नेले. सुमारे तीन आठवड्यांनी परतलो, दार उघडले, माजघरात पाऊल टाकले आणि काही मिनिटांत आमच्या पोटऱ्यांवर बारीक काळे ठिपके उड्या मारू लागले.

इतके दिवस घरात ना माणूस होता ना मांजर. मग या पिसवा जगल्या कशावर? हा प्रश्न तेव्हा आम्हाला सुचला नाही. शेजारच्या आत्याबाईंना तर तो पडण्याचे कारणच नव्हते. "ते मांजर पोत्यात घाला आणि नदीपलीकडं सोडून या," त्यांनी निकाल दिला. "मारू नका, पाप लागतंय. सोडून या." मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे, त्यामुळे आपल्याकडची शिक्षा बहुधा हद्दपारीची असते. आम्ही दोघे मराठी शिकवणारी माणसे. घरातल्या कोणत्याही पेचावर आधी पुस्तकांकडे वळण्याची खोड आम्हाला आहे. या खेपेला ती खोड कामी आली. पिसू, मांजर आणि माणूस यांचा एकत्र इतिहास वाचत गेलो, तेव्हा आमच्या माजघरात जे घडत होते ते शे-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात फार मोठ्या प्रमाणावर आणि फार भीषण रूपात घडून गेले होते, हे ध्यानी आले.

आरंभ थोडा दूरून, लंडनपासून करावा लागतो. १६६५ साली रॉबर्ट हूक यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखालची पिसू त्यात घडीच्या मोठ्या पानावर, पायांवरच्या केसांसकट रेखाटलेली आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगाची मोठी साथ आली आणि नगरशासनाने कुत्री व मांजरे मारण्याचा हुकूम काढला. डॅनिएल डिफो यांनी १७२२ साली या साथीवर लिहिलेल्या पुस्तकात चाळीस हजार कुत्री आणि त्याच्या पाचपट मांजरे मारल्याचा आकडा दिला आहे. तो कितपत विश्वसनीय मानायचा हा प्रश्न असला, तरी हुकूम निघाला होता यात शंका नाही. त्या साथीत रोग कोणत्या कीटकाने पसरवला, उंदरांवरच्या पिसूने की माणसांच्याच अंगावरच्या पिसवा-उवांनी, यावर आज अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की ज्या वर्षी पिसूचे चित्र छापून लोकांच्या हाती आले, त्याच वर्षी त्या शहराने रोगासाठी मांजराला जबाबदार धरले. अल्बेर काम्यू यांच्या १९४७ च्या 'प्लेग' कादंबरीतही रस्त्यावरची मांजरे गोळ्या घालून मारली जातात. तिथे कारण पिसवांचेच आहे. तीनशे वर्षांत कारण बदलले, शिक्षा तीच राहिली.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी मांडवी भागात प्लेगाचे निदान केले. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. मातीतून, हवेतून, धान्यातून, घाणीतून, कपड्यांतून अशी अनेक उत्तरे होती आणि प्रत्येक उत्तरागणिक एक उपाय होता. पुढच्या वर्षी साथ पुण्यात पोहोचली. १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगाला बळी पडल्या. रँड यांच्या समितीच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात घुसले, माजघर-देवघर पाहिले नाही, जमिनी उकरल्या, सामान जाळले, भिंतींना चुना फासला. पंडिता रमाबाईंसारख्या ख्रिस्ती विदुषीनेही या व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास आपण राजकीय इतिहास म्हणून शिकतो आणि शिकवतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्याला दुसरीही एक बाजू आहे. एवढ्या बळाचा वापर करून जी घरे तपासली गेली, त्यांत शोधायचे काय हेच तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. जमिनीकडे त्यांचे लक्ष गेले होते. पण ते मातीतल्या विषासाठी. त्या जमिनीच्या भेगांत धुळीबरोबर वाढणारा जीव त्यांच्या हिशेबात नव्हता.

तो हिशेबात आणला पॉल-लुई सिमों या फ्रेंच लष्करी डॉक्टरने. त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या होत्या. काही रोग्यांच्या त्वचेवर किडा चावल्यासारखा बारीक फोड असे आणि त्यात प्लेगाचे जंतू सापडत. दुसरी गोष्ट मेलेल्या उंदरांची. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी जमिनीवर मेलेले उंदीर पडलेले दिसले. ते उचलायला वीस मजूर लावले. तीन दिवसांत त्यांतले दहा जण प्लेगाने आजारी पडले, इतर कामगारांना काही झाले नाही. मेलेला उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरची पिसू त्याला सोडते आणि जवळच्या उबदार जिवाकडे वळते, असा तर्क सिमों यांनी केला. तो पडताळून पाहण्याचा प्रयोग त्यांनी १८९८ च्या उन्हाळ्यात कराचीत केला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच होती. प्लेग झालेला उंदीर त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या, पण प्रयोग फसू नये म्हणून आणखी हव्या होत्या. त्या त्यांनी हॉटेलाच्या आसपास हिंडणाऱ्या एका मांजराकडून उसन्या घेतल्या! मग एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा बरणीत अधांतरी टांगला. दोन्ही उंदरांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. मधले अंतर केवळ पिसूच ओलांडू शकत होती. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगानेच मेला.

या निष्कर्षाला कोणी फारसे विचारले नाही. १८९८-९९ च्या सरकारी प्लेग आयोगाने तो बाजूला सारला. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी तो पुन्हा हाती घेतला. १९०३ साली एका चाळीत उंदीर मेले आणि पाठोपाठ माणसे आजारी पडली, तेव्हा लिस्टन यांनी तिथे गिनीपिग मोकळे सोडले. थोड्या वेळाने ते पकडून पाहिले तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या जातीच्या पिसवा भरल्या होत्या. त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरही त्या सापडल्या. एरवी ही जात माणसावर क्वचितच आढळते. उंदीर जिवंत असताना त्या पिसवांना माणसाची गरज नव्हती. पुढे १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधन आयोगाने परळला प्रयोगशाळा आणि प्रयोगासाठी बांधलेल्या खोल्या यांच्या साह्याने हेच पक्के केले. जमिनीवर ठेवलेली जनावरे मेली. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या वा बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यांतली वाचली. सिमों यांच्या बरणीपासून इथवर यायला आठ-दहा वर्षे गेली. तोवर देशात लक्षावधी माणसे मेली होती. १९१८ पर्यंत हा आकडा कोटीच्या पलीकडे गेला.

पिसूला मान्यता मिळताच मांजराची फिर्यादही निकालात निघाली, आणि तीही आपल्याच मुलखात. मध्य प्रांत व वऱ्हाडात नोकरी केलेले लेफ्टनंट-कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याने गावोगावच्या मांजरांची मोजदाद केली. ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत तिथे प्लेग फिरकत नाही, सबब लोकांनी मांजरे पाळावीत, असा निष्कर्ष त्यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आज या निष्कर्षाची भाबडी बाजू आपल्याला दिसते. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो. तरीही शतकानुशतके आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या प्राण्याच्या बाजूने एक सरकारी डॉक्टर मोजणीची वही घेऊन उभा राहिला, याचे आम्हाला अप्रूप वाटले.

आता आमच्या माजघराकडे वळतो. आमच्याकडची पिसू मांजराच्या जातीची, म्हणजे उंदरांच्या त्या पिसूहून वेगळी. प्लेगाची वाहक म्हणून ती फार निकामी आहे. भीती ती नव्हती. परंतु तिची राहणी समजली तेव्हा जुना इतिहास अक्षरशः पायाशी आल्यासारखे वाटले. मांजराच्या अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा, आणि त्या एकूण संख्येचा साधारण विसावा हिस्सा. मादी दिवसाला पंचवीस ते पन्नास अंडी घालते. ती मांजराच्या अंगावर टिकत नाहीत. मांजर जिथे झोपते, उडी मारते, अंग झाडते तिथे ती ओघळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळतात, फरशीच्या सांधीत, गोधडीच्या घडीत शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतल्या वाळलेल्या रक्तावर वाढतात. मग त्या चिकट कोष विणतात. कोषाला धूळ चिकटली की तो दिसत नाही, आणि फवारलेले औषधही त्याच्या आत सहसा पोहोचत नाही. कोषातली पिसू तयार झाली तरी बाहेर यायची घाई करत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासाची चाहूल लागेपर्यंत ती काही आठवडे, कधी चार-पाच महिनेही थांबते. पुराने रिकाम्या झालेल्या आमच्या घरात त्या जगल्या कशावर, या प्रश्नाचे उत्तर हेच होते. त्या आमची वाट पाहत होत्या.

रिकामे घर हा या इतिहासातला कायमचा दुवा आहे. शाहू छत्रपतींच्या काळात करवीर संस्थानातही प्लेगाच्या साथी आल्या आणि गावे सोडून माळावर झोपड्यांत राहण्याचा उपाय योजला गेला. उपाय योग्य होता; कारण त्यात माणूस उंदरांपासून आणि पिसवांपासून एकदमच दूर जात असे. धोका होता तो वेळेआधी परतण्यात. फार मागे जायलाही नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने घरांबाहेर राहू लागले. धान्य घरातच राहिले, उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टात तिथे उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि पाठोपाठ गाठीचा प्लेग आला.

हे सारे वाचून होण्याआधी आम्ही एक चूक करून बसलो होतो. एका दुकानदाराने दिलेले गोचिडाचे, जनावरांसाठीचे औषध पातळ करून मांजरीच्या अंगाला लावले. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, पाय थरथरू लागले. पशुवैद्यांनी तिला वाचवले आणि आम्हाला बोल लावले. परमेथ्रीन, सायपरमेथ्रीन या जातीची औषधे कुत्र्याला, गुराला चालतात. मांजराचे यकृत ती पचवू शकत नाही आणि मांजर मरू शकते. त्या रात्री तिला मांडीवर घेऊन बसलो असताना चुना आणि कार्बोलिक घेऊन फिरणाऱ्या त्या पथकांविषयीचा आमचा तिरस्कार थोडा निवळला. काय मारायचे हे न कळता मारायला निघालेला माणूस आम्हीही होतो.

पशुवैद्यांनी सांगितलेला उपाय साधा होता, पण चिकाटी मागणारा. मांजरांसाठीच असलेले, मानेवर टाकायचे औषध तिच्या वजनाप्रमाणे दर महिन्याला द्यायचे, किमान तीन महिने, मध्ये खंड न पाडता. तिची वाकळ आणि आमची अंथरुणे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायची. फरशीच्या सांधी, कपाटाखालची जागा व्हॅक्यूमने रोज साफ करायची आणि तो कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकायचा. त्याने कोषांना हादराही बसतो आणि आतल्या पिसवा बाहेर येतात. आणि मुख्य म्हणजे मांजर घरातच ठेवायचे. औषध दिलेल्या मांजरावर उडी मारलेली पिसू अंडी घालायला उरत नाही. मांजर काढून टाकले तर कोषातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिसूला घरात एकच उबदार जीव उरतो, तो म्हणजे आपण. चाळीतले उंदीर मेल्यावर जे झाले तेच. आत्याबाईंचा सल्ला मानला असता तर आम्ही स्वतःच लिस्टन यांचे गिनीपिग झालो असतो.

रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची थाळी ठेवून सकाळी तीत पडलेल्या पिसवा आम्ही मोजत असू. पहिल्या पंधरवड्यात संख्या वाढली, तेव्हा धीर सुटला होता. मग ती उतरली, आणि पुन्हा वाढली. कारण शोधता शोधता आत्याबाईंचा बोका सापडला. तो आमच्या माडीवर दुपारची झोप काढीत असे. त्याच्या मानेवरही औषध टाकावे लागेल, हे सांगायला आम्ही जरा बिचकतच गेलो. आत्याबाईंनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे तुमच्या मांजराला सोडायला सांगत होते ते माझ्याच बोक्यापायी व्हय?" असे म्हणून त्यांनी बोक्याला स्वतःच धरून दिले. दिवाळीनंतर थाळी सकाळी कोरी दिसू लागली. तरी औषध आणखी दोन महिने चालू ठेवले.

२०२१ च्या जुलैत पूर पुन्हा आला आणि पुन्हा घर सोडावे लागले. परत आल्यावर आम्ही पांढरे पायमोजे घालून आधी सगळ्या खोल्यांतून हिंडलो. पायमोजे पांढरेच राहिले. मगच टोपली उघडली. मांजरी बाहेर आली, माजघराच्या फरशीवर अंग ताणले आणि नेहमीच्या जागी जाऊन झोपली.