क्ष-किरणांचा घाव आणि प्रथिनांचे रूप

समईच्या उजेडात मूर्ती पाहिली म्हणून मूर्ती झिजत नाही. पाहण्याने वस्तू बिघडत नाही, हा आपला नित्याचा अनुभव होय. प्रथिनाच्या रेणूची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्या क्ष-किरणांच्या साह्याने त्याची घडण उलगडावयाची, तेच किरण त्याचा नाशही करतात. ह्या पेचातून शास्त्रज्ञांनी जी वाट काढली, तिच्यातील नवल असे की, ज्या नाशास ते वैरी समजत होते, त्यालाच त्यांनी अखेर साक्षीदार केले.

आरंभ १९३४ साली केंब्रिज येथे झाला. स्वीडनमधील उप्साला येथे वाढविलेले पेप्सिनचे स्फटिक बर्नाल यांच्या हाती आले. कोरडे पडलेले स्फटिक चित्र देईनात; तेव्हा बर्नाल व डोरोथी क्रोफूट यांनी ते मूळच्या द्रवासह काचेच्या नळीत ठेवून त्यांवर किरण सोडले, आणि प्रथिनाचे पहिले स्पष्ट विवर्तनचित्र मिळाले. परंतु हे चित्र म्हणजे नुसते ठिपके. त्यांवरून तरंगांची उंची कळते. कोणता तरंग पुढे व कोणता मागे, म्हणजे त्यांची कला, कळत नाही. आणि कलेवाचून आकृती जुळत नाही. १९५३ साली माक्स पेरुट्झ यांनी ह्यावर तोड काढली. हिमोग्लोबिनच्या स्फटिकात पाऱ्याचे अणू बसवावयाचे, आणि पारा असलेल्या व नसलेल्या स्फटिकांच्या ठिपक्यांतील फरक मोजावयाचा. त्या फरकातून कला हाती येते. हा ‘फरक’ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारी कथा त्याच्यावरच उभी आहे.

१९६२ साली ब्लेक व फिलिप्स यांनी मायोग्लोबिनच्या स्फटिकांवरील आघाताचे मोजमाप केले. एक किरणकण शोषला गेला की सुमारे ७० रेणू मोडतात, असा त्यांचा हिशेब निघाला. पुढे स्फटिक उणे १७३ अंशांच्या आसपास गोठवून ठेवू लागले. त्याने नाश मंदावला, थांबला नाही. २००० साली आढळून आले की, हा नाश आंधळाही नसतो. गंधकाच्या दोन अणूंना जोडणारे बंध इतरांच्या आधी तुटतात. घावाच्या जागा अशा ठरलेल्या असतील, तर पारा तरी कशाला हवा? एक चित्र घाव बसण्यापूर्वीचे, दुसरे नंतरचे. दोहोंतील फरकच कला सांगेल. राव्हेल्ली व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली ही रीत यशस्वी करून दाखविली.

इकडे २००० सालीच उप्सालाच्या हायदू, नॉइट्झ प्रभृतींनी धाडसी कल्पना मांडली. किरणांचा झोत इतका अल्पकालिक असावा की, रेणू विखुरण्यापूर्वीच त्याचे चित्र उमटून जावे! त्यासाठी लागणारा क्ष-किरण लेसर २००९ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डनजीक सुरू झाला. त्याचा झोत काही फेम्टोसेकंदच टिकतो. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा अब्जांश. चॅपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींप्रमाणे प्रकाश पकडणाऱ्या एका प्रथिनसंघाच्या सूक्ष्म स्फटिकांची ३० लाखांहून अधिक चित्रे घेतली. ते काम २०११ साली प्रसिद्ध झाले. झोत लागलेला प्रत्येक स्फटिक नष्ट झाला, पण आपला निरोप पोचवून.

तथापि तेवढ्या निमिषातही अणूंचे इलेक्ट्रॉन निसटतात, आणि जड अणूंचे अधिक. २०११ सालीच सॉन, चॅपमन व सांत्रा यांनी सुचविले की, सौम्य व तीव्र झोतांच्या चित्रांतील फरकातून कला काढता यावी. लायसोझाइम नामक प्रथिनात गॅडोलिनियमचे अणू बसवून केलेल्या प्रयोगात असा फरक खरोखरच दिसला. ते वृत्त २०१५ साली प्रसिद्ध झाले. पेरुट्झ यांनी पारा घालून जो फरक निर्माण केला, तो येथे झोताच्या तीव्रतेनेच होतो.

पण त्याच वर्षी फेरेडॉक्सिन ह्या लोहयुक्त प्रथिनाने एक इशाराही दिला. त्यातील लोह-गंधकाच्या गुच्छांभोवती झोताच्या आघाताच्या खुणा आढळल्या. धातुयुक्त प्रथिनांचे कार्य बहुधा अशा धातूंपाशीच चालते. तेव्हा दिसले ते प्रथिनाचे रूप की त्याच्या जखमेचे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. घावाची साक्ष घ्यावयाची तर घाव कोठे व किती हे आधी नेमके जाणले पाहिजे. आपण जे पाहतो त्यात आपल्याच पाहण्याचा वाटा किती, हे विचारण्याची शिस्त ह्या शास्त्राने स्वतःस लावून घेतली, ही त्याची मोठी कमाई म्हटली पाहिजे.