आजोबांची नोंद, नातीचा अर्ज

शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही जुन्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक जाडजूड वही जपून ठेवलेली असते: जनरल रजिस्टर. पानं पिवळी पडलेली, कडा हात लावला की तुटणाऱ्या. मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि कारण, असे रकाने. सही-शिक्क्यासह या वहीचा उतारा मागायला आज अकरावी-बारावीतली मुलं येतात. त्यांना हवी असते आजोबांची किंवा पणजोबांची ओळ. या भागात कॉलेजच्या प्रवेशाची तयारी बऱ्याचदा अशी दोन पिढ्या मागे जाऊन सुरू होते. ती इतकी मागे का गेली, याचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. त्याच सुमारास रेल्वेही या मुलखात शिरत होती. वासिंदला ती १८५५ मध्ये आली, आसनगावला १८६० मध्ये आणि कसाऱ्याला १ जानेवारी १८६१ रोजी. म्हणजे नकाशावर पाहिलं तर शहापूरचा पोरगा विद्यापीठापासून एका गाडीच्या अंतरावर होता. प्रत्यक्षात त्याची वाट चौथीतच ठरून जायची. मराठी चौथीनंतर दोन फाटे फुटत. एक फाटा मराठी सातवीचा, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलचा. ती पास झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होई, तलाठी होई आणि गावात मान मिळवी, पण विद्यापीठाचं दार त्याला बंद असे. दुसरा फाटा इंग्रजी शाळेचा. तिथे पुन्हा पहिलीपासून सात इयत्ता आणि शेवटी मॅट्रिक. मॅट्रिक ही विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती. जवळ इंग्रजी शाळा नसेल तर दहा-अकरा वर्षांचं पोर कल्याण-ठाण्याला नातेवाइकाकडे ठेवावं लागे. मुलाच्या पदवीचा निर्णय तो दहा वर्षांचा असतानाच आई-बापाला घ्यावा लागे, आणि तो घेण्याइतकी ऐपत फार थोड्या घरांत होती. याच भागातल्या तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून नळातून मुंबईला जाऊ लागलं. तानसाकाठच्या मुलाला मात्र मुंबईत शिकायचं तर आधी झोपायला जागा शोधावी लागे.

जागेचा हा प्रश्न सरकारच्याही लक्षात आला होता. ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीने १९३० च्या अहवालात दलित आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणाची स्थिती मांडली आणि वसतिगृहांची गरज सांगितली. पुढे बाळासाहेब खेर यांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केलं. ठाणे जिल्ह्यातल्या ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी मुलांसाठी वसतिगृहं आणि शाळा चालवण्याचं काम या मंडळाने हाती घेतलं. पुढच्या शिक्षणाची आखणी म्हटलं की विषय कोणते, कॉलेज कोणतं, असं आपल्या मनात येतं. इथे आखणी म्हणजे दोन वेळचं जेवण आणि एक खाट. हे कमीपणाचं मुळीच नाही. ज्याने खाट मिळवून दिली त्यानेच पुढची पदवी शक्य केली.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली, आणि ‘ई.बी.सी.’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग, ही तीन अक्षरं खेडोपाडी माहीत झाली. मग कॉलेजंही जवळ सरकली: १९६५ मध्ये उल्हासनगरचं चांदीबाई, १९६९ मध्ये ठाण्याचं जोशी-बेडेकर, १९७२ मध्ये कल्याणचं बिर्ला. कसारा लोकलचा पास काढला की खर्डी-आटगावच्या मुलाला घरी राहून बी.ए. करता येऊ लागलं. मुरबाडला मात्र रेल्वे नव्हती. कल्याण सुमारे तीस किलोमीटर, सगळी भिस्त एस.टी.वर. टोकावडे-धसईकडच्या पोरांना तर आधी मुरबाड गाठायचं. कुठल्या गावातून सकाळची गाडी किती वाजता सुटते, यावर कॉलेजला जायचं की नाही हे ठरत असे, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. पुढे शहापूरला सोनुभाऊ बसवंत यांच्या नावाचं आणि मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं, तेव्हा कुठे ही पायपीट कमी झाली.

खाट मिळाली, गाडी मिळाली, आणि मग कागदाची पाळी आली.

२ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्याचा निकाल दिला. वाद वैद्यकीय प्रवेशासाठी दिलेल्या महादेव कोळी जमातीच्या दाखल्याचा होता. खोट्या दाखल्यांमुळे खऱ्या आदिवासी मुलांच्या राखीव जागा जातात, हे दुखणं खरंच होतं. त्यावर न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, आणि प्रवेशाच्या निदान सहा महिने आधी पडताळणीचा अर्ज करावा असंही सांगितलं. पाठोपाठ राज्याचा २००० सालचा कायदा आला. तेव्हापासून ‘व्हॅलिडिटी’, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, हा शब्द प्रत्येक पाड्यावर पोचला आहे.

अनुसूचित जमातीसाठी महत्त्वाची तारीख ६ सप्टेंबर १९५०. त्याआधीचा पुरावा असेल तर दावा भक्कम. शाळेचं रजिस्टर हा त्यातला उत्तम पुरावा. पण ज्याचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्याने काय करायचं? कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पोरंही बरोबर जातात, आणि शाळेच्या वहीतली ओळ अर्धवट राहते. मग उरतो गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची जुनी नोंद. कोतवालाने सांगितलेलं नाव, बापाचं नाव, जात. यातल्या कितीतरी नोंदी मोडीत आहेत. तहसील कचेरीतून नक्कल मिळवायची, मोडी जाणणाऱ्याकडून ती देवनागरीत उतरवून घ्यायची, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि ठाण्याच्या समितीकडे अर्ज करायचा. नक्कल काढायला गेलं की मजुराची एकेका दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच जाणते शिक्षक दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेच्या चर्चेआधी विचारतात, ‘आज्याचा कागद आहे का?’ हा प्रश्न ज्या शाळेत वेळेवर विचारला जातो, तिथल्या मुलीची सीईटीनंतरची धावपळ वाचते. जिथे विचारला जात नाही तिथे चांगले गुण मिळवूनही जागा हातची जाते, आणि ते पाहवत नाही.

आजोबांच्या कागदाच्या या शोधात आज्या मात्र कुठेच नसतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांच्या लहानपणी गावच्या रजिस्टरात त्यांची ओळ पडली नव्हती. वंशावळीच्या कागदावरही आजोबा, बाप, चुलता अशी वडिलांकडचीच नावं लागतात, आजीचं नाव तिथे पुरावा म्हणून चालत नाही. मात्र फांगण्याच्या हजेरीपटावर त्या आज्यांची नावं लागली, आणि जिथे अंगठा उठायचा तिथे त्या सही करू लागल्या.