सॉसेजचें वेष्टण आणि त्यांतील विषाचा शोध

गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत पावसाळ्याच्या बेगमीसाठीं चोरिसाच्या माळा करून ठेवण्याची जुनी चाल आहे. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची, मसाला आणि माडाच्या सुरेचा शिर्का यांत मुरवून ते आंतड्याच्या नळींत भरतात, ठिकठिकाणीं दोऱ्यानें आंवळतात आणि उन्हांत अथवा धुरावर वाळवितात. ही रीत पोर्तुगीजांबरोबर आली. युरोपांत सॉसेज या नांवानें जो पदार्थ प्रसिद्ध आहे त्याच कुळांतील हा एक. मांसान्न वर्ज्य मानणाऱ्या श्रोत्यांनाही या पदार्थाच्या वेष्टणाची कथा ऐकण्यासारखी वाटावी. कारण तिचा आरंभ खाटकाच्या ओट्यावर झाला असला, तरी शेवट वैद्याच्या औषधशाळेंत झाला आहे.

आधीं हें वेष्टण कसें तयार होतें तें पाहूं. जनावर मारल्यावर त्याचें आंतडें लगोलग रिकामें करून त्याला चिकटलेली चरबी काढून टाकतात व तें वारंवार धुतात. आंतड्याची भिंत अनेक पदरांची असते. मेंढ्याच्या व डुकराच्या लहान आंतड्याचा आंतील बुळबुळीत थर आणि बाहेरील स्नायूंचा थर खरवडून काढला म्हणजे मधला एक पातळ, पारदर्शक, परंतु चिवट पदर उरतो. तो मिठांत घालून ठेवला कीं पुष्कळ दिवस टिकतो. वापरण्यापूर्वीं पाण्यांत भिजविला कीं पुन्हां मऊ होतो. या पदरांतून ओलावा बाहेर जातो, धूर आंत शिरतो, आणि मांस वाळून आकसलें तर त्याबरोबर तोही आकसतो. असें सोयीचें वेष्टण निसर्गानें आयतेंच पुरविलें होतें.

आंतड्याप्रमाणें जठराची पिशवीही लोक पुरातन काळापासून वापरीत आले आहेत. होमरच्या ओडिसी काव्यांत, झोंप न आल्यामुळें कूस बदलणाऱ्या नायकाला चरबी व रक्त भरलेलें जठर विस्तवावर उलटसुलट फिरविणाऱ्या माणसाची उपमा दिलेली आहे. सॉसेज हा शब्दही ‘खारविलेलें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला आहे. मीठ, धूर आणि वेष्टण या तिहींच्या बळावर युरोपांतील शेतकरी हिवाळा काढीत असे.

परंतु हा भरंवसा कधीं कधीं प्राणावर बेते. जर्मनीच्या नैर्ऋत्येस असलेल्या वुर्टेम्बर्ग प्रांतांत विल्डबाड नांवाच्या गांवीं १७९३ सालीं डुकराच्या जठरांत भरलेलें सॉसेज खाऊन १३ माणसें आजारी पडलीं व त्यांतलीं ६ दगावलीं. तेथून पुढें अशा वार्ता वारंवार येऊं लागल्या. १८०२ सालीं स्टुटगार्टच्या सरकारनें धुरावलेल्या रक्त-सॉसेजपासून जपून राहण्याचा इशारा प्रजेस दिला. युद्धांमुळें आलेलें दारिद्र्य आणि त्याबरोबर आलेली हयगय हीं या अनर्थाचीं कारणें असावींत असें समजतात.

या कोड्याच्या मागें लागला तो युस्टिनुस केर्नर. हा गृहस्थ कवी म्हणून प्रसिद्ध होता. पोटापाण्यासाठीं मात्र तो सरकारी वैद्याचें काम करी. रोग्यांच्या शय्येशीं बसून त्यानें लक्षणें टिपलीं: तोंडास कोरड पडते, एकाच्या जागीं दोन वस्तु दिसतात, पापण्या मिटत जातात, घांस गिळवत नाहीं, शेवटीं श्वास थांबतो, आणि तोंपर्यंत रोग्याची शुद्ध मात्र शाबूत असते. १८२२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें अशा १५५ रोग्यांची हकीकत दिली. प्राण्यांवर प्रयोग करूनही त्याचें समाधान झालें नाहीं. बिघडलेल्या सॉसेजचा अर्क त्यानें स्वतः चाखला व तोंडास पडलेली कोरड लिहून ठेवली! हें विष हवा नसलेल्या जागीं उत्पन्न होतें व स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचें काम बंद पाडतें, एवढें त्यानें अचूक ताडलें. जठरासारख्या जाड्या पिशवींत मांस गच्च ठांसलें म्हणजे गाभ्यापर्यंत ना धूर पोहोंचतो, ना पुरेशी उष्णता; आणि हवा तर तेथें नसतेच.

विष कोण निर्माण करतो हें मात्र केर्नरच्या हयातींत उलगडलें नाहीं. बेल्जममधील एलझेल गांवीं १८९५ च्या डिसेंबरांत एका अंत्यविधीसाठीं जमलेल्या वाजंत्र्यांनीं खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें व त्यांतील तिघे मरण पावले. तेथें आंतड्याची पिशवी नव्हती. परंतु लक्षणें तींच होतीं. घेंट येथील प्राध्यापक एमिल व्हान एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून एक जंतु वेगळा काढला. तो हवेवांचून वाढतो, पुरेशा मिठांत वाढत नाहीं आणि त्याचें विष उकळण्यानें नष्ट होतें, हें सिद्ध झालें. सॉसेजला लॅटिनमध्यें ‘बोटुलुस’ म्हणतात. त्यावरून या रोगास ‘बोटुलिझम’ हें नांव मिळालें.

पुढें वेष्टणही बदललें. १८९२ सालीं इंग्लंडांत वनस्पतींच्या तंतूंपासून व्हिस्कोज करण्याची युक्ति निघाली होती. तिचाच उपयोग करून १९२५ च्या सुमारास शिकागोच्या एर्विन फ्रॉइंड यानें सॉसेजसाठीं कृत्रिम नळी बनविली. मांस शिजून घट्ट झालें कीं ही नळी सोलून टाकतात. जनावरांच्या चामड्यांतील चिवट द्रव्यापासूनही आतां वेष्टणें होतात. तरी आंतड्याचें वेष्टण कांहीं लोपलेलें नाहीं.

केर्नरनें आणखी एक तर्क केला होता: अत्यल्प मात्रेंत हें विष स्नायूंच्या अनावर झटक्यांवर औषध ठरेल. तो लोकांना त्या वेळीं कल्पनाविलास वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु १९८९ सालीं अमेरिकेंत त्याच विषास तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीवर औषध म्हणून मान्यता मिळाली. विल्डबाडच्या सहा जीवांचें मोल त्यानें भरून येत नाहीं. तरी त्या पिशवींत काय दडलें होतें हें विचारण्याचें धाडस एका खेडेगांवच्या वैद्यानें केलें, म्हणून पुढच्या कित्येकांचे डोळे उघडे राहिले.