वीज गेली तरी वाजणारा टेलिफोन

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात तारेचा टेलिफोन होता त्या काळात एक गोष्ट मुलांना कोड्यात टाकी. रात्री वीज जाई, पंखे थांबत, दिवे विझत; पण टेलिफोन उचलला की सूर ऐकू येई. रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलवायचे असेल तर सारा भरवसा त्या सुरावर असे. ही वीज येई कोठून?

सुरुवातीला ती घरातूनच येई. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, त्या काळी बोलण्यासाठी लागणारे विद्युतघट प्रत्येक ग्राहकाच्या घरी ठेवावे लागत. ते उतरले की आवाज बंद. १८९३ साली अमेरिकेत बोस्टनजवळील लेक्सिंग्टन येथे सर्वांसाठी एकच बॅटरी केंद्रात ठेवण्याची पद्धत आली. घराची चिंता मिटली, केंद्राची वाढली.

पुढे ४८ व्होल्ट हा दाब रूढ झाला. शिसे-आम्लाच्या घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट, म्हणून असे २४ घट एकापुढे एक जोडत. काही किलोमीटर लांबीच्या बारीक तारेतून पुरेसा प्रवाह जावा आणि माणसाला फारसा धोका नसावा, असा हा मध्यम दाब. बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात. त्यामुळे ओल्या मातीतील तार ऋण राहते आणि तिचे तांबे झिजत नाही. विद्युतविघटन शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

१९८४ साली 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे केंद्र तयार केले. ते वातानुकूलनाशिवाय उष्म्यात आणि धुळीत चाले. असे पहिले केंद्र १९८६ साली कित्तूर येथे बसले. कोल्हापूरहून धारवाडकडे जाताना बेळगाव ओलांडले की हे गाव लागते. मात्र केंद्र कितीही आधुनिक असले तरी त्याचा प्राण बॅटरीतच होता.

आणि दोष शोधण्यातली खरी अडचण हीच, की बॅटरी दोष झाकते. चार्जर बंद पडला तरी टेलिफोन चालूच राहतात. धोक्याची घंटा कोणी ऐकली नाही, तर दाब सावकाश ५४ व्होल्टांवरून ४४ च्या आसपास उतरतो आणि मग सारे गाव एकदम मुके होते. याउलट एखादा घट निकामी असेल तर चार्जर चालू असेतो मापक योग्य दाब दाखवतो. वीज गेली की काही मिनिटांतच केंद्र बंद!

म्हणून जाणता तंत्रज्ञ चार्जर क्षणभर वेगळा करून, केंद्राचा भार बॅटरीवर असताना प्रत्येक घट मोजी. २३ घट २ व्होल्ट दाखवतात आणि एक जवळजवळ शून्य, तर दोषी सापडला. नंतर पाळी तारांची. बॅटरीपाशी ५० व्होल्ट आणि कपाटापाशी ४९, तर मधला एक व्होल्ट गेला कोठे? सैल किंवा गंजलेल्या जोडात. प्रवाह २० अँपिअर असेल तर ओहमच्या नियमाने त्या जोडाचा रोध अवघा ०.०५ ओहम येतो. पण तेथे २० वॉट उष्णता निर्माण होते. कपाटापर्यंत दाब ठीक असेल, तर फ्यूज आणि शेवटी ४८ व्होल्टांचे ५ व्होल्ट करणारे कार्ड तपासायचे.

वर्गात हे सहज दाखवता येईल. तीन नवे आणि एक वापरून संपत आलेला असे चार सेल घेऊन ६ व्होल्टचा दिवा जोडावा. दिवा बंद व चालू असताना प्रत्येक सेलचा दाब मोजावा. दिवा बंद असताना जुना सेल बऱ्यापैकी दिसतो. चालू करताच उघडा पडतो.

आज घरोघरी काचतंतू येत आहेत. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे वीज गेली की घरातील यंत्र थांबते, आणि त्यासाठी बॅटरी पुन्हा घरीच ठेवावी लागते. १८८२ ची चिंता अशी परत आली आहे. ती बॅटरी नीट आहे की नाही, हे भार घालून पाहायला आपले विद्यार्थी शिकले, तर आम्हाला वाटते, एवढा इतिहास सांगितल्याचे सार्थक झाले.