नो-नॉक वॉरंट (अमेरिका)

नो-नॉक वॉरंट म्हणजे दार न ठोठावता व आपली ओळख न सांगता घरात प्रवेश करण्याची मुभा पोलिसांना देणारे झडतीचे वॉरंट होय. अमेरिकेत त्याचा वापर प्रामुख्याने अमली पदार्थांच्या तपासात होतो. पूर्वसूचना मिळाल्यास पुरावा नष्ट केला जाईल किंवा पोलिसांवर हल्ला होईल, हे त्यामागील मुख्य कारण दिले जाते.

घटनात्मक आधार

सरकारी अधिकाऱ्याने दार फोडण्यापूर्वी येण्याचे कारण सांगून दार उघडण्यास सांगावे, हे तत्त्व इंग्लंडमधील १६०४ च्या सेमेन खटल्यात मांडले गेले. अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती (१७९१) नागरिकांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देते. वॉरंटसाठी सबळ कारण आणि शपथेवरील निवेदन आवश्यक ठरवते. दार ठोठावण्याचा उल्लेख मात्र तिच्यात नाही. पूर्वसूचना हा झडतीचा वाजवीपणा ठरवण्याचा एक निकष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 'विल्सन विरुद्ध आर्कान्सा' खटल्यात १९९५ मध्ये स्पष्ट केले.

दोन वर्षांनी 'रिचर्ड्स विरुद्ध विस्कॉन्सिन' खटल्यात, अमली पदार्थांच्या सर्व प्रकरणांना सरसकट सूट देता येणार नाही, असा निर्णय झाला. धोक्याची वाजवी शंका प्रत्येक प्रकरणात असली पाहिजे. या खटल्यात दंडाधिकाऱ्याने विनासूचना प्रवेशाची परवानगी नाकारली होती. तरीही दारापाशी उद्भवलेल्या परिस्थितीमुळे पोलिसांची कृती वैध ठरली.

नियमभंगाचा परिणाम

बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सहसा ग्राह्य धरला जात नाही. परंतु 'हडसन विरुद्ध मिशिगन' (२००६) खटल्यात, केवळ पूर्वसूचनेचा नियम मोडला म्हणून पुरावा वगळण्याची गरज नाही, असा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी देण्यात आला. नुकसानभरपाईचे दावे आणि खात्यांतर्गत शिस्त पुरेशी आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. यामुळे नियम कायम राहिला, तरी त्याचा धाक बराच कमी झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलांटा येथे अशाच छाप्यात ९२ वर्षांची एक वृद्धा पोलिसांच्या गोळीबारात मरण पावली. तिच्या घरातून खबऱ्याने अमली पदार्थ विकत घेतल्याचे शपथेवर सांगितले गेले होते. ते खोटे निघाले.

ब्रिओना टेलर प्रकरण

१३ मार्च २०२० रोजी मध्यरात्रीनंतर लुईव्हिल (केंटकी) येथे पोलिस २६ वर्षीय ब्रिओना टेलर हिच्या घरात शिरले. वॉरंट नो-नॉक स्वरूपाचे होते. आपण दार ठोठावून ओळख सांगितल्याचा पोलिसांचा दावा अनेक शेजाऱ्यांनी नाकारला. घरफोडे आल्याचे समजून तिच्या मित्राने एक गोळी झाडली. पोलिसांनी ३२ गोळ्या झाडल्या व तीत टेलरचा मृत्यू झाला. घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. शहराने कुटुंबाला १.२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. वॉरंटसाठीचे शपथपत्र खोटे रचण्यात सहभाग असल्याचे एका माजी पोलिस अधिकाऱ्याने २०२२ मध्ये संघीय न्यायालयात कबूल केले.

जून २०२० मध्ये लुईव्हिलच्या नगरपरिषदेने 'ब्रिओना कायदा' संमत करून अशा वॉरंटवर बंदी घातली. व्हर्जिनिया राज्यानेही त्याच वर्षी बंदी केली. खोट्या शपथपत्राचा प्रश्न मात्र या बंदीने सुटत नाही, कारण दार ठोठावून केलेल्या झडतीलाही तेच शपथपत्र लागते.