बाप्तिस्म्याचे दाखले

जर्मनीच्या नाझी राजवटीने ख्रिस्ती धर्माची जी विटंबना केली, तिची हकीकत बहुधा १३ नोव्हेंबर १९३३ च्या बर्लिनमधील सभेपासून सांगितली जाते. कारण सुमारे २०,००० श्रोत्यांपुढे 'जर्मन ख्रिस्ती' या हिटलरनिष्ठ पक्षाचा पुढारी राइनहोल्ड क्राउझे याने जुना करार टाकून द्यावा आणि प्रेषित पौलाची शिकवण धर्मातून हद्दपार करावी, अशी जी उघड मागणी केली, तिने त्या पक्षाचे कित्येक अनुयायीही बिथरले. मला मात्र त्या गर्जनेपेक्षा चर्चच्या दफ्तरातली लेखणी अधिक भयंकर वाटते.

एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरास आर्य वंशाचा पुरावा देणे भाग पडले. आणि नागरी जन्मनोंदणीच मुळी १८७६ साली साऱ्या देशास लागू झालेली असल्याने, आजा-पणज्यांचा दाखला पाळकाच्या बाप्तिस्म्याच्या वहीखेरीज अन्यत्र मिळण्याजोगा नव्हता. अर्जांचे ढीग पडले, आणि पाळक कारकुनाच्या इमानाने उतारे देत राहिले. जो संस्कार यहुदी आणि हेलेणी (ग्रीक) हा भेदच पुसून टाकतो असे पौलाने शिकवले, त्याच संस्काराच्या नोंदीवरून आता कोणाचे रक्त यहुदी हे ठरू लागले. बर्लिनमध्ये कार्ल थेमेल या पाळकाने तर १९३६ पासून शहरातील जुन्या वह्या एकत्र करवून, बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांची स्वतंत्र नोंदपत्रे तयार करविली.

विरोध झाला नाही असे नव्हे. १९३४ च्या बार्मेन येथील घोषणेने चर्चवरील राज्यसत्तेची हुकमत धिक्कारली. पण यहुद्यांच्या छळाविषयी तीत चकार शब्द नाही, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे १९३९ साली, ज्या वार्टबुर्ग गडावर ल्यूथरने नवा करार जर्मन भाषेत आणला, तेथेच चर्चजीवनातील यहुदी प्रभाव नाहीसा करणाऱ्या संस्थेचे उद्घाटन झाले. वाल्टर ग्रुंडमान हा येना विद्यापीठाचा पंडित तिचा सूत्रधार; येशू गालीलकर होता, सबब यहुदी नव्हता, असा त्याचा युक्तिवाद. संस्थेने १९४० मध्ये 'शुद्ध' केलेला नवा करार छापला आणि मागोमाग गीतसंग्रह काढला, ज्यातून सियोन, होसान्ना, हालेलुया हे शब्द निपटून काढले होते.

१९४५ मध्ये ग्रुंडमानचे अध्यापकपद गेले. परंतु १९५४ साली आयझेनाख येथे धर्मशिक्षक घडविणाऱ्या चर्चच्याच विद्यालयाची सूत्रे त्याच्या हाती आली, आणि शुभवर्तमानांवरील त्याची भाष्ये पूर्व जर्मनीतील विद्यार्थी पुढे कित्येक वर्षे अभ्यासत राहिले.